खिडकीवाले आणि गंजका खिळा

आमच्या समोरच्या दारातल्या गृहस्थांना सगळी इमारत 'खिडकीवाले' म्हणते. हे नाव चिकटवण्याचा मान खालच्या वॉचमनचा. ते नवीन राहायला आले तेव्हा त्याने सहज विचारलं, "साहेब, आपण काय करता?" ते म्हणाले, "मी काळी खिडकी बनवतो." झालं. दोन दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मापं घेऊन त्यांच्या दारात हजर. "स्वयंपाकघराची आहे हो. डासांची जाळीसुद्धा तुम्हीच बसवता ना?" दुसरा कुणी असता तर हसून 'नाही' म्हणाला असता. आमच्या खिडकीवाल्यांनी आजींना तिथेच उभं करून काळ्या खिडकीचा जन्मापासूनचा इतिहास ऐकवला. शेवटी जिन्याचा कठडा धरून आजी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे जाळी नाहीच."

मी कुणाच्या अध्यात नसतो, मध्यात नसतो. पण माझं विम्याचं काम घरूनच चालतं, बसायची खुर्ची दाराजवळ आहे, आणि वारा यावा म्हणून दार उघडं असतं. आता उघड्या दारातून वाऱ्याबरोबर आणखी जे काही आत येतं, त्याला मी काय करणार?

तर ती काळी खिडकी. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण अक्षरं टाइप करायची आणि पलीकडच्या यंत्राने अक्षरांतच उत्तर द्यायचं, अशी संगणकाच्या पडद्यावर एक काळी चौकट असते. फार पूर्वी या कामासाठी वेगळा डबाच असायचा म्हणे. आता त्या डब्याचं सोंग घेणारा प्रोग्राम असतो, त्याला टर्मिनल म्हणतात. खिडकीवाल्यांनी असला एक प्रोग्राम लिहिला आहे. पोटासाठी ते सकाळी कुठल्याशा कंपनीचं काम करतात, जीव मात्र या खिडकीत. प्रोग्राम कुणालाही फुकट. आणि फुकटच्या वस्तूबद्दल माणूस जितक्या हक्काने तक्रार करतो, तितक्या हक्काने विकतच्या वस्तूबद्दलही करत नाही.

तक्रारींचं मूळ असं, की यंत्रांची तीन घराणी आहेत. एक फुकटवालं, जे खिडकीवाले स्वतः वापरतात आणि ज्याचं नाव घेताना त्यांचा आवाज आपोआप हळुवार होतो. दुसरं महागडं आणि चकचकीत. तिसरं ऑफिसवालं, जे कुणी निवडत नाही; नोकरी लागली की गळ्यात पडतं. प्रोग्राम एकच, पण तो तिन्ही घरी सारखा नांदायला हवा. तसा नांदत नाही. इकडे अक्षर पुसट होतं, तिकडे कर्सर नाहीसा होतो, आणखी कुठे खिडकी मिटताना अख्खं यंत्रच रुसून बसतं. हे दोष त्या त्या यंत्रावर जाऊनच शोधावे लागतात. खिडकीवाल्यांच्या घरात मात्र फक्त पहिल्या घराण्याला प्रवेश. बाकी दोघांना ते हात लावत नाहीत, तत्त्व म्हणून. म्हणजे वैद्याने दवाखाना उघडायचा आणि म्हणायचं, मी फक्त माझीच नाडी बघणार.

त्यामुळे कुणीही काहीही तक्रार लिहिली की यांचं उत्तर तयार: "माझ्याकडे नीट चालतंय." आणि तक्रार बंद.

बरं, हे संगणकापुरतं असतं तर माझं काय जात होतं? खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन सांगतात, "अहो, तुमच्या बाथरूममधून आमच्या छताला गळतंय." हे उत्तर देतात, "माझं बाथरूम कोरडं आहे." लिफ्ट अडकली तर म्हणतात, "मी आलो तेव्हा चालू होती." त्यांच्या दाराच्या चौकटीत, जिन्याकडच्या बाजूला, एक खिळा बाहेर आलेला आहे. गंजून लालभडक झालाय. पोस्टमनची पिशवी, आजींचा पदर, माझे दोन शर्ट, कुणाकुणाला म्हणून त्याने सोडलं नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "मला तर कधी लागला नाही." लागेल कसा? हे दारातून अंग तिरकं करून शिरतात. इतक्या वर्षांत अंगालाच सवय झाली, आता त्यांना वाटतं दार तसंच वापरायचं असतं.

या माणसाबरोबर ज्या बाईने संसार केला त्या आमच्या वहिनी. वहिनी पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षाच्या प्रमुख. गावाच्या कुठल्या भागाची झडप कधी उघडायची, कधी बंद करायची, हे त्या कक्षात बसून ठरतं. तिथली यंत्रणा इतकी जुनी, की तिला अक्षरांशिवाय दुसरी भाषा कळत नाही. म्हणजे काळी खिडकी लागणारच. त्यांचा आधीचा प्रोग्राम नव्या संगणकांवर चालेना, तेव्हा वहिनींनी साहेबांपुढे नवऱ्याचं घोडं दामटलं. "आमचे हे बनवतात. चांगलं आहे, आणि घरचंच आहे."

घरचंच! बायका कुठल्या शब्दावर फसतात बघा.

काही महिने सगळं ठीक चाललं. मग कक्षात भिंतीवर एक भलामोठा पडदा आला, आणि लॅपटॉपवरची खिडकी ओढून त्या पडद्यावर न्यायची पद्धत पडली. तिथे घोळ झाला. खिडकी मोठ्या पडद्यावर गेली की अक्षरं मोठी व्हायची, पण खिडकीला ते कळायचंच नाही. ती आपली जुन्याच मापाने ओळी मोजत राहायची. सगळ्यात खालची ओळ चौकटीच्या पलीकडे पडायची. आणि ती जुनी यंत्रणा नेमकी शेवटच्या ओळीतच विचारते, "झडप बंद करायची? हो / नाही." नुसतं एंटर दाबलं तर ती 'हो' धरते. प्रश्न दिसलाच नाही तर माणसाला वाटतं यंत्र अडकलंय. अडकलेल्या यंत्रापुढे बसलेला माणूस काय करतो? एंटर दाबतो.

वहिनींनी कक्षात सगळ्यांना बजावलं, खिडकी छोट्या पडद्यावरच ठेवा. पण भिंतीवर एवढा मोठा पडदा लावून ठेवल्यावर लॅपटॉपमध्ये डोळे कोण फोडून घेणार? विशेषतः त्यांचे सहकारी चष्मेवाले. त्यांना लांबचं दिसत नाही, जवळचं दिसत नाही, फक्त वहिनींची खुर्ची तेवढी स्वच्छ दिसते.

एका संध्याकाळी समोरून आवाज आले. दार उघडं होतं. दोन्हीकडचं.

"अहो, तुमची खिडकी मोठ्या पडद्यावर ओढली की शेवटची ओळ दिसेनाशी होते."

"माझ्याकडे नीट चालतंय."

"तुमच्याकडे मोठा पडदा आहे का?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच तर नीट चालतंय."

 मग वहिनी म्हणाल्या, "माझा लॅपटॉप इथेच आहे. हात लावून एकदा बघा तरी."

"त्या ऑफिसवाल्या यंत्राला? अगं, दोषच त्याचा आहे. आणि हे बघ, घरात ऑफिस नको. तक्रारीसाठी इंटरनेटवर जागा केलेली आहे, तिथे रीतसर लिही. सगळे लिहितात."

वहिनी चपला न घालता तशाच माझ्या दारात आल्या. "भाऊजी, तुमचा ईमेल द्या."

"माझा? तो कशाला?"

"तक्रार लिहायची आहे. माझ्या नावाने लिहिली तर म्हणतील, तुला वापरता येत नाही. परक्या माणसाचं तरी ऐकतील."

असल्या पुण्यकर्माला मी कधी नाही म्हटलेलं नाही. खातं उघडताना टोपणनाव विचारलं गेलं. वहिनी विचार करत बसल्या. माझं लक्ष समोरच्या चौकटीकडे गेलं, आणि मी टाइप केलं: गंजका खिळा. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. त्या महिन्यातलं त्यांचं ते शेवटचं हसू असावं.

गंजक्या खिळ्याची पहिली तक्रार अगदी नम्र होती. उत्तर आलं: "माझ्याकडे नीट चालतंय. बंद." दुसरी तक्रार सविस्तर. पडदा केवढा, अक्षर केवढं, काय केल्यावर काय होतं, सगळं होतं. उत्तर: "हा त्या यंत्राचा दोष आहे. बंद." मी माझ्या दारातून ही उत्तरं लिहिणाऱ्या माणसाचं टक्कल बघत होतो. त्यांच्या मागे, चार पावलांवर, ती तक्रार लिहिणारी बाई पोळपाट धूत होती.

संध्याकाळी खिडकीवाले पाय मोकळे करायला जिन्यात आले. अंग तिरकं करून, खिळा चुकवून.

"शेजारी, जगात एकेक नग असतात."

"कोण हो?" मी विचारलं. माझा चेहरा मुळातच निष्पाप आहे.

"आहे एक. गंजका खिळा म्हणे. नावावरूनच कळा कळते."

"म्हणतो काय?"

"म्हणतो, शेवटची ओळ दिसत नाही. अरे बाबा, डोळे तपासून घे! दिवसभर कुठल्यातरी कचेरीत बसत असेल खुर्ची गरम करत."

आतून वहिनींचा आवाज आला, "असेल हो बिचारा अडचणीत."

"अडचणीत कसला? रिकामटेकडा आहे. घरी कुणी विचारत नसणार त्याला."

"हं," वहिनी म्हणाल्या. "तेही असेल." आणि सुरीचा आवाज जरा जोरात यायला लागला.

गंमत अशी की या गंजक्या खिळ्याने खिडकीवाल्यांच्या आयुष्यात रंग भरला. पूर्वी ते जिन्यात भेटले की हवापाण्यावर आणि लिफ्टवर गाडी थांबायची. आता भेटले की डोळे चमकायचे. "काय लिहिलंय माहिती आहे त्याने?" मला माहिती असायचं, माझ्याच टेबलावर बसून लिहिलेलं असायचं. तरी मी विचारायचो. माणसाला शत्रू असला की कसा कणा ताठ राहतो, ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

शेवटी त्यांनी पुरावा मागितला. "फोटो पाठवा. नुसत्या बाता नकोत."

आता मोठा पडदा घरात आणायचा कुठून? यांच्याकडे टीव्ही नाही, तेही तत्त्वच. टीव्ही आमच्याकडे. एका रविवारी वहिनी आपला लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आल्या, वायर जोडली, आणि खिडकी ओढून टीव्हीवर नेली. शेवटची ओळ गडप. मी फोटो काढायला मोबाइल वर केला, आणि एवढ्यात खिडकीवालेच दारात उभे. "शेजारी, त्या नगाने..." म्हणत ते आत आले, आणि टीव्हीकडे बघून थबकले.

मी मोबाइल पाठीमागे लपवला. पण मी या माणसाला अजून पुरतं ओळखलं नव्हतं.

"काय हे? रविवारीसुद्धा ते ऑफिसवालं यंत्र?" ते म्हणाले. "मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही." आणि त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली, टीव्हीकडे पाठ करून बसले, आणि गंजका खिळा किती नालायक आहे ते मला सांगू लागले. मागे टीव्हीभर त्यांचीच खिडकी पसरलेली, तिची शेवटची ओळ बेपत्ता, आणि हे पुढे हातवारे करून म्हणताहेत, "असं होऊच शकत नाही!" आमची ही चहा घेऊन आली आणि कपबश्यांसकट पुन्हा स्वयंपाकघरात पळाली. आतून हसू उसळल्यासारखा आवाज आला. खिडकीवाले म्हणाले, "तुमच्या मंडळींना खोकला झालाय का?"

मी फोटो काढला. वहिनींनी तो संध्याकाळी पाठवला.

उत्तर आलं: "फोटोत मध्येच कुणाचं तरी टक्कल आलं आहे. अडथळा दूर करून फोटो पुन्हा काढावा. बंद."

मी ते वाचून इतका हसलो की खुर्चीचा पाय वाकला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक दिवस कुणीतरी एंटर दाबणार आहे. त्या दिवशी हे सगळं माझ्या गळ्यात येईल." मी काहीतरी थट्टेचं बोलणार होतो. नाही बोललो. माझ्या हिशेबी हा मोठाच संयम.

तो दिवस शनिवारचा निघाला. सकाळी मी दाराजवळ पेपर वाचत बसलो होतो. समोरून हाक आली, "अगं! पाणी गेलं!" मग आठवलं असावं की 'अगं' ऑफिसात आहे. थोड्या वेळाने दार उघडलं आणि खिडकीवाले बाहेर आले. कमरेला टॉवेल, डोक्यापासून पोटापर्यंत साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला. अशाही अवस्थेत खिळा मात्र अंग तिरकं करून चुकवलाच.

"शेजारी, तुमच्याकडे पाणी येतंय का?"

आता ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं, त्याला तेच ऐकवायची संधी दारात चालत आली तर तुम्ही सोडाल? माझ्या न्हाणीघरात भरलेली बादली होती. मी म्हटलं, "माझ्याकडे तर नीट चालतंय."

"मग आमचंच कसं गेलं?"

"सगळ्यांचंच गेलंय. माझी आपली बादली भरलेली आहे."

टॉवेलात खोचलेला त्यांचा मोबाइल वाजला. साबणाच्या हाताने धरता येईना, म्हणून मी तो स्पीकरवर टाकून समोर धरला. पलीकडून वहिनी बोलत होत्या. आवाज दबका, पण एकेक शब्द सुटा. चष्मेवाल्यांनी खिडकी मोठ्या पडद्यावर नेली. प्रश्न दिसला नाही. यंत्र अडकलं म्हणून एंटर दाबलं. आपल्या सगळ्या भागाची मुख्य झडप बंद झाली. ती हळूहळू उघडावी लागते, दुपार होईल. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हा प्रोग्राम इथे कुणी आणला?

"मग तू काय सांगितलंस?" खिडकीवाल्यांनी विचारलं.

"काय सांगणार? मीच आणला. सोमवारपर्यंत काय ते करा म्हणालेत. नाहीतर कक्ष चष्मेवाल्यांकडे." आणि फोन बंद झाला.

खिडकीवाले तसेच उभे. फेस आता सुकायला लागला होता, चेहरा ताणल्यासारखा दिसत होता. तरी त्यांच्या तोंडून निघालं काय? "चष्मेवाल्याने वाचायला नको का नीट?"

"काय वाचणार? ओळ दिसतच नव्हती," मी म्हटलं. "गंजक्या खिळ्याने तीनदा लिहिलं होतं ना तुम्हाला."

"तीनदाच लिहिलं होतं," ते म्हणाले, आणि मग त्यांचा उघडा डोळा माझ्यावर येऊन थांबला. "तीनदा हे तुम्हाला कसं माहीत?"

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हा काही माझा दोष नाही. पोटाची रचनाच तशी. मी मोबाइल काढला, तो फोटो लावला आणि त्यांच्या पुढे धरला. "हे टक्कल ओळखता का?"

त्यांनी बराच वेळ बघितलं. आमचा टीव्ही. आमचा फुलाफुलांचा पडदा. आमची खुर्ची, उलटी फिरवलेली. खुर्चीच्या वर चकाकणारा तो अडथळा. आपोआपच त्यांचा हात डोक्यावर गेला, फेसात बुडाला.

"म्हणजे खिळा तुम्ही?"

"नाव माझं. अक्षर वहिनींचं."

मग मी त्यांना बादली दिली. पूर्ण नाही, अर्धी. आमच्या घरातही माणसं राहतात.

वहिनी दुपारी आल्या. आल्या त्या घरी गेल्याच नाहीत, लॅपटॉप घेऊन सरळ आमच्याकडे. मागोमाग खिडकीवाले. आमची ही टीव्हीवर सामना बघत होती, तोही अगदी रंगात आलेला. तिने एकदा वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि रिमोट खाली ठेवला. तीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी तिने तो कधी खाली ठेवलेला नाही.

"बसा," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

ते सवयीने खुर्ची फिरवायला गेले.

"टीव्हीकडे तोंड करून."

खिडकीवाल्यांनी त्या यंत्राला हात लावला. आधी एका बोटाने, गरम तव्याला लावावा तसा. खिडकी उघडली, ओढली, टीव्हीवर नेली. शेवटची ओळ गेली. परत आणली, ओळ परत आली. पुन्हा नेली, पुन्हा गेली. असं त्यांनी किती वेळा केलं देव जाणे. 

"हे बरोबर नाही," शेवटी ते म्हणाले.

"माझ्याकडे असंच चालतं," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी कारण सांगायला सुरुवात केली, आणि खरं सांगतो, तेव्हा प्रथमच ते आम्ही लक्ष देऊन ऐकलं. त्यांची खिडकी उघडताना एकदाच विचारते, अक्षर केवढं? मिळालेलं उत्तर शेवटपर्यंत धरून ठेवते. फुकटवाल्या यंत्रावर पडदा बदलला की ते तिला नवं माप कळवतं. ऑफिसवालंही कळवतं, पण त्याची सांगायची तऱ्हा वेगळी, आणि त्या तऱ्हेकडे लक्ष द्यायचं यांनी प्रोग्राममध्ये कधी लिहिलंच नव्हतं.

"म्हणजे ते यंत्र बिचारं सांगत होतं," आमची ही म्हणाली, "आणि हे ऐकतच नव्हते?"

"असं म्हणता येईल," खिडकीवाले म्हणाले.

वहिनी फक्त नवऱ्याकडे बघत राहिल्या. खिडकीवाल्यांनी घाईघाईने मान खाली घालून टाइप करायला सुरुवात केली.

पहिल्या दुरुस्तीत शेवटची ओळ आली, पण वरची पहिली ओळ उडाली. "आता डोकं झाकलं तर पाय उघडे," मी म्हटलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या खेपेला खिडकी टीव्हीवर गेली आणि तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं जागच्या जागी दिसलं. आमची ही चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागली, "झडप बंद करायची? हो, नाही..." आणि तिचा हात सहज पुढे गेला.

"एंटर दाबू नका!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. समोर होती ती त्या जुन्या यंत्रणेची सरावापुरती प्रत, तिने आणखी कुणाचं पाणी जाणार नव्हतं, पण दोन्ही घरांच्या बादल्या अजून रिकाम्या होत्या.

म्हणजे काम केवढं? चहाचे दोन घोट होतील एवढं. त्यासाठी गावाच्या एका तुकड्याने सकाळभर कोरडे नळ बघितले, आणि एका बाईची इतक्या वर्षांत कमावलेली खुर्ची डगमगली. कारण एका माणसाला खुर्ची फिरवायची नव्हती.

रविवारभर खिडकीवाले खूश होते. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बघा, शेवटी मीच काढलं शोधून." मी म्हटलं, "तुम्हीच! दुसऱ्या कुणाला जमलं असतं?"

सोमवारी संध्याकाळी ते दारात उभे राहून वहिनींची वाट बघत होते. वहिनी आल्या. चेहरा दमलेला, पण खांदे सैल झालेले.

"काय झालं? चाललं ना नीट?"

"चाललं. साहेबांसमोर मोठ्या पडद्यावर लावून दाखवलं. शेवटची ओळ दिसली."

"मग? काय म्हणाले?"

"काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, दुरुस्त झालंय, तरी मी हे काढून टाकते. परक्या कुणी असली वस्तू दिली असती, आणि तीनदा सांगून ऐकलं नसतं, तर मी एक दिवससुद्धा ठेवली नसती. घरचं म्हणून ठेवली, ती माझी चूक."

"आणि?"

"आणि काय? दुसरा प्रोग्राम बसवला. कक्ष माझ्याकडेच आहे. चष्मेवाले चष्मा पुसत बसले."

खिडकीवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी बघितलाही. "पण मी दुरुस्त केलं होतं ना गं!"

"केलंत. अंगावरचा साबण सुकल्यावर."

"बरं, मग परत कधी घेशील?"

वहिनी पर्समधून किल्ली काढत होत्या. त्या थांबल्या. "खालच्या काकांचं छत बघून या. मग बोलू."

"छताचा आणि खिडकीचा काय संबंध?"

"तो ज्या दिवशी तुम्हाला कळेल, त्या दिवशी घेईन."

खिडकीवाले खाली गेले. खरंच गेले, मी जिन्यावरून वाकून खात्री केली. थोड्याच वेळात वर आले ते विजयी मुद्रेने. "बघून आलो. अजिबात गळत नव्हतं."

"वर आंघोळ कोण करत होतं?"

"कुणीच नाही. मी तर खाली होतो."

"हो ना?" वहिनी म्हणाल्या. "आता मी नळ सोडते. तुम्ही पुन्हा खाली जा, आणि छताखाली उभे राहा."

ते पुन्हा गेले. आत नळाचा आवाज सुरू झाला. मी नीट ऐकू यावं म्हणून त्यांच्या चौकटीला टेकून खाली कान लावला. खालून काका विचारत होते, "आलं का?"  मग खिडकीवाल्यांचा बारीक आवाज, "आलं. टाळूवरच."

त्याच क्षणी मी हसून वळलो आणि खर्रकन माझी बाही फाटली. तिसरा शर्ट.

खिडकीवाले वर आले तेव्हा मी खिळ्यात अडकून उभाच होतो. त्यांनी टक्कल रुमालाने पुसलं, माझ्या बाहीकडे बघितलं, तोंड उघडलं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. पण आतून वहिनी बाहेर येत होत्या. त्यांनी ते वाक्य गिळलं आणि म्हणाले, "रीतसर लिहा. बघतो."

मी लिहिलं. खातं माझ्याकडेच आहे. गंजक्या खिळ्याच्या नावाने, शर्टाच्या फोटोसह, मध्ये कुणाचंही टक्कल येणार नाही याची काळजी घेऊन. उत्तर आलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याखाली 'बंद' नव्हतं. लिहिलं होतं, "माझ्याकडेही दिसतोय."

दिसतोय. खिळा अजून तिथेच आहे.